उत्तराचं तिकीट

पोस्टकार्डाच्या जमान्यात 'जोडकार्ड' नावाची एक सोय होती. एकमेकांना जोडलेली दोन कार्डं. एकावर आपण मजकूर लिहायचा, दुसऱ्यावर स्वतःचा पत्ता घालून बाकीचं कोरं सोडायचं. ज्याला ते मिळेल त्यानं कोरा भाग फाडून चार ओळी लिहायच्या आणि पेटीत टाकायच्या. उत्तराचे पैसे आधीच भरलेले. मुलीच्या सासरी, गावाकडच्या वाटेकऱ्याला, नोकरीच्या चौकशीला अशी कार्डं जात. त्यात एक न बोललेली विनंती असे. तुम्हाला खर्चात पाडत नाही, तेवढं उत्तर द्या.

आम्हा कविता लिहिणाऱ्यांना ही रीत वेगळ्या रूपात ठाऊक आहे. मासिकाला कविता पाठवताना सोबत तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट जोडायचं. नापसंत कविता त्यातूनच घरी परत. पोस्टमनच्या हातात आपलंच अक्षर दिसलं की पाकीट न फोडता निकाल कळायचा. पण त्यातही एक सभ्यता होती. उत्तर मला हवं आहे, तर त्याचा खर्च संपादकानं का सोसावा?

अडचण येते ती पत्र देशाबाहेर जाताना. मी तरुणपणी इंग्लंडमधल्या एका छोट्या नियतकालिकाला माझ्या कवितांचे अनुवाद पाठवायचं ठरवलं, तेव्हा ती कळली. परतीच्या पाकिटावर आपलं तिकीट लावून उपयोग नाही. तिकीट ही एक पावती असते. भारताचं तिकीट म्हणजे भारतीय टपाल खात्याला पैसे पोचल्याची पावती. लंडनच्या पेटीतून निघणारं पत्र उचलणार ब्रिटिश खातं. त्याला आपल्या पावतीशी काय देणंघेणं? शेवटी शेजारच्या चाचांच्या लंडनहून आलेल्या भाच्यानं तिकडची चार तिकिटं दिली. राणीचं डोकं होतं, देशाचं नाव कुठंच नव्हतं. टपाल तिकिटं पहिल्यांदा ब्रिटननं काढली, म्हणून तिकिटावर नाव न छापण्याचा मान त्या देशाकडे राहिला. कविता परत आल्या, पण सोबत दोन ओळींचं पत्र आलं.

ज्याचा भाचा लंडनला नाही, त्यानं काय करायचं? या प्रश्नाचं उत्तर जगानं १९०६ साली काढलं. त्या वर्षी रोममध्ये जागतिक टपाल संघाची परिषद भरली आणि तिथं 'इंटरनॅशनल रिप्लाय कूपन' मंजूर झालं. पुढच्या वर्षी ते वापरात आलं. व्यवहार सोपा. आपल्या पोस्टात कूपन विकत घ्यायचं आणि पत्रात घालायचं. समोरच्यानं ते त्याच्या पोस्टात दिलं की परदेशी जाणाऱ्या साध्या पत्राला लागतील तेवढी तिथली तिकिटं त्याला मिळतात. नोट परदेशी जात नाही, चलनाचा हिशेब नाही. कागदाचा एक तुकडा 'उत्तर द्या, पैसे दिलेत' एवढा निरोप घेऊन सरहद्द ओलांडतो. परदेशी मासिकांना लिहिणारे लेखक आणि हौशी हॅम रेडिओवाले यांना तो फार उपयोगी पडला.

चांगल्या सोयीतही कुणीतरी वाट शोधतोच. १९१९ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात चार्ल्स पाँझी नावाच्या इटालियन माणसाला स्पेनहून आलेल्या पत्रात असं कूपन मिळालं. महायुद्धानंतर युरोपातली चलनं घसरली होती. तिकडं स्वस्तात कूपन घ्यायचं, अमेरिकेत महाग तिकिटं उचलायची, असा धंदा त्यानं लोकांना सांगितला. पंचेचाळीस दिवसांत पैशावर निम्मा नफा! प्रत्यक्षात नव्यांचे पैसे जुन्यांना वाटले जात होते. ऑगस्ट १९२० मध्ये सारं कोसळलं. दामदुप्पट योजनांत आपल्याकडंही किती संसार बुडाले ते सांगायला नको. अशा फसवणुकीला आज जगभर पाँझीचं नाव आहे. तिच्या मुळाशी उत्तराचं साधं कूपन होतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

या सगळ्याच्या मागं जो टपाल संघ उभा आहे, त्याची गोष्ट कोल्हापूरकरांना जवळची वाटावी. १८७० साली आपले छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडला गेले. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. आर्नो नदीकाठी त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. तिथं आजही त्यांचं स्मारक आहे. त्या काळी युरोपातून कोल्हापूरला पत्र धाडणं म्हणजे दिव्य होतं. कोणत्या देशातून, कोणत्या बोटीनं, कुणाच्या कुणाशी असलेल्या करारानं पत्र जातं, त्यावर दर ठरायचा. हा गुंता सोडवायला ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरी बावीस देशांनी करार केला. दोन वर्षांनी, १८७६ मध्ये भारत त्यात सामील झाला.

त्या करारातली एक गोष्ट मला कुठल्याही कवितेइतकी सुंदर वाटते. पत्राचे पैसे पाठवणाऱ्या देशाला मिळतात, पण ते घरपोच करण्याचे कष्ट दुसऱ्या देशाचे. मग पैसे वाटायचे कसे? त्यांनी ठरवलं, वाटायचेच नाहीत. ज्यानं गोळा केले त्यानं ठेवावेत. कारण प्रत्येक पत्राला एक उत्तर येणारच, आणि त्याचे पैसे दुसऱ्या देशाला मिळणारच! म्हणजे जगाचा टपाल कारभार चालला तो 'माणूस पत्राला उत्तर देतो' या विश्वासावर. जवळजवळ शंभर वर्षं हा विश्वास चालला. नंतर श्रीमंत देशांतून मासिकं, पुस्तकं, पाकिटं यांचा लोंढा एकाच बाजूनं वाहू लागला. १९६९ च्या टोकियो परिषदेत ठरलं की जास्तीच्या टपालाचे पैसे पोचवणाऱ्या देशाला द्यायचे. गंमत अशी, की ९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन पाळावा, हे याच परिषदेत ठरलं. तो प्रस्ताव भारतीय शिष्टमंडळातल्या आनंद मोहन नरुला यांनी मांडला होता.

मात्र सरकारांचे हिशेब जुळले तरी उत्तर येईलच असं नाही. आमच्या नानीची धाकटी बहीण फाळणीनंतर कराचीला गेली. युद्धांनी टपाल तुटायचं. १९७१ नंतर ते पुन्हा सुरू व्हायला १९७४ उजाडलं. मधल्या काळात हजला जाणाऱ्यांच्या हाती निरोप धाडायचे. तिकडचं कुणी भेटलं तर पोचायचे. टपाल सुरू झालं आणि नवीच अडचण आली. बहीण विधवा, मुलाच्या संसारात राहणारी. परदेशी पत्राच्या तिकिटासाठी त्याच्याकडं हात पसरायला तिला संकोच. वर्षाकाठी ईदला एक पत्र यायचं. नानीची पत्रं मौलवीसाहेब उर्दूत लिहून देत. पाकिटावरचा इंग्रजी पत्ता माझ्याकडं असे. दर वेळी ती विचारायची, "उधर का तिकट इधर नै मिलता क्या रे?" आमच्या घरात कूपन हे नावही कुणी ऐकलं नव्हतं. मला ते कळलं तेव्हा नानी राहिली नव्हती.

एका अडाणी म्हाताऱ्या बाईनं जो प्रश्न विचारला, तोच रोमच्या परिषदेपुढं होता. बहिणीला उत्तराची इच्छा नव्हती असं नाही. तिच्याकडं तिकिटाचे पैसे नव्हते. समोरच्याचं मौन म्हणजे अनास्था, असं आपण चटकन ठरवतो. पण त्या मौनामागं पैसे, वेळ, अक्षरओळख, नाहीतर भीती यांपैकी काहीतरी कमी पडलेलं असू शकतं. ते ओळखून आपण आधीच भरपाई करणं, ही उत्तर मागणाऱ्याची जबाबदारी आहे.

कूपनाचे दिवस आता सरत आलेत. ब्रिटननं २०११ च्या अखेरीस त्याची विक्री थांबवली, अमेरिकेनं २०१३ मध्ये. टपालाच्या वाटाही अजून बंद होतात. मे २०२५ मध्ये भारतानं पाकिस्तानातून येणारं टपाल आणि पार्सलं थांबवली. राजकारणाची कारणं राजकारणापाशी. पण अशा प्रत्येक हुकमासरशी कुठल्यातरी घरात कुणी वृद्ध बाई दाराकडं बघत बसते, हे विसरू नये.

मोबाइलवर उत्तराला वेगळं तिकीट लागत नाही. तरी ज्यांना टाइप करता येत नाही, दिसत नाही, एवढ्या तेवढ्यासाठी नातवाला हाक मारायचा संकोच वाटतो, अशी माणसं प्रत्येक घरात आहेत. त्यांना नुसता मेसेज पाठवून 'उत्तर आलं नाही' म्हणू नये. फोन लावावा, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)