नळ्यांवाचून ऑर्गन

ज्यात नळी नाही, वारा नाही, त्यास ऑर्गन म्हणावे काय? शिकागोचे लॉरेन्स हॅमंड हे विजेच्या घड्याळांचे कारखानदार. स्वतः वादक नव्हेत. घड्याळाची मोटर त्यांनी सुमारे ९० दंतुर चक्रांस जोडिली. लोहचुंबकापुढे चक्र फिरले की तारेच्या वेटोळ्यात सूर उपजतो. १९३५ साली ‘ए’ हा पहिला नमुना निघाला आणि नळ्यांचा ऑर्गन न परवडणाऱ्या ख्रिस्तमंदिरांची सोय झाली. नळ्यांच्या ऑर्गनचे सर्व स्वररंग यात निघतात, ही जाहिरात अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९३८ साली बंद करविली. ‘ऑर्गन’ हे नाव मात्र राहू दिले. माझ्या मते निवाडा रास्तच होता. पुढे १९५४ चा ‘बी-३’ अमेरिकेतील कृष्णवर्णीय मंडळ्यांच्या उपासनेत असा रुळला की त्याचा स्वर कोणाची नक्कल राहिलाच नाही.