परिचारिकेच्या हातातील यंत्र



रुग्णालयात रोग्याच्या खाटेशी उभे राहून शिकणाऱ्या परिचारिकेच्या हाती मोबाईल किंवा टॅब असावा की नसावा, हा वाद आता मागे पडला आहे. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या पदवीच्या सुधारित अभ्यासक्रमात माहिती-तंत्रज्ञान हा विषयच घातला आहे. आरोग्यसेविकांच्या हाती तर माता-बालकांच्या नोंदींसाठी २०१६ पासून ‘अनमोल’ ही प्रणाली असलेले टॅब येऊ लागले. तेव्हा यंत्र केव्हा हाती घ्यावे आणि केव्हा बाजूस ठेवावे, एवढाच प्रश्न उरतो.

बसवकल्याणच्या परिसरातून बीदर, कलबुर्गी किंवा सोलापूर येथे हे शिक्षण घ्यावयास जाणारी मुलगी बहुधा मराठी वा कन्नड शाळेतून आलेली असते. तिची पाठ्यपुस्तके मात्र इंग्रजीत असतात. अडलेल्या शब्दाचा अर्थ, औषधाची मात्रा, दोन औषधांचा परस्परांशी विरोध, हे सारे क्षणात दाखविणारे यंत्र तिला वरदानच वाटेल, आणि ते योग्यच आहे.

परंतु एक साधे उदाहरण घ्या. रोग्यास ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यावयाचे आहे. नळी अशी आहे की तिच्यातील २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. यंत्र तत्काळ सांगते, मिनिटास सुमारे ४२ थेंब. पण प्रत्यक्षात लावलेली नळी ६० थेंबांची असेल, तर त्याच वेगाने रोग्यास जेमतेम एक तृतीयांश सलाईन मिळेल. उलट, लहान मुलासाठी ६० थेंबांची नळी गृहीत धरली आणि खाटेशी २० ची निघाली, तर कोवळ्या जिवाच्या शिरेत तिप्पट पाणी जाईल. ते त्याच्या जिवावर बेतू शकते. यंत्राचे गणित दोन्ही वेळा बिनचूकच असते. नळीच्या वेष्टनावरील आकडा वाचणे, हे काम मात्र परिचारिकेच्या डोळ्यांचे आहे.

भाषेचेही तसेच. या भागात रोगी कन्नड बोलतो, मराठी बोलतो, दखनी उर्दूही बोलतो. एखादी आजीबाई म्हणते, “जीव घाबरा होतोय ग बाई.” शब्दशः भाषांतरात भीती तेवढी उतरेल. तिला धाप लागली आहे, छातीत धडधडते आहे, की मुलगा गावाहून आला नाही म्हणून ती व्याकुळ आहे, हे जवळ बसून, नाडीवर बोट ठेवून विचारल्यावाचून कळावयाचे नाही. १८६० साली लंडनमध्ये परिचर्येची शाळा सुरू करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही आपल्या ग्रंथात रोग्याच्या निरीक्षणास स्वतंत्र प्रकरण दिले होते.

म्हणून शिक्षिकांनी काही शिस्त घालून द्यावी. प्रथम रोग्याकडे पाहावे, मग पडद्याकडे. हिशेब आधी कागदावर करावा आणि यंत्राने तो पडताळावा. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर वरिष्ठांना विचारल्याखेरीज औषध देऊ नये. एका खाटेवरून दुसरीकडे जाताना हातांप्रमाणे यंत्रही निर्जंतुक करावे, कारण जंतू त्यावरूनही प्रवास करतात. रोग्याचे छायाचित्र स्वतःच्या फोनमध्ये कदापि ठेवू नये. आणि यंत्र काढताना रोग्यास सांगावे, “बाबा, तुमच्याच औषधाचे पाहते आहे.” नाहीतर आपल्या दुखण्यापेक्षा सिस्टरबाईंना फोन प्यारा आहे, अशी त्याची समजूत व्हावयाची.

बाराव्या शतकात याच कल्याण नगरीत बसवेश्वरांच्या अनुभवमंटपात नाना व्यवसायांची माणसे, स्त्रियाही, आपला अनुभव इतरांपुढे मांडीत आणि त्यावर चर्चा होत असे. पाळी संपल्यावर विद्यार्थिनींनी दहा मिनिटे एकत्र बसावे. यंत्राने काय सांगितले, आपण काय पाहिले आणि दोहोंत अंतर कोठे पडले, हे परस्परांस सांगावे. त्यासाठी नवा खर्च लागत नाही. आपल्या रुग्णालयांनी एवढी दहा मिनिटे या मुलींना द्यावीत, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.