जमिनीत मुरलेले पेट्रोल

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मुलींच्या वसतिगृहासाठी जी जागा पाहण्यात आली आहे, तिच्या शेजारी एक बंद पडलेला पेट्रोल पंप आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. भाव वाजवी आहे, रस्ता जवळ आहे, बोअरला पाणीही चांगले लागेल असे सांगतात. चिटणीससाहेबांनी मला विज्ञानावर चार शब्द बोलण्यास सांगितले, तेव्हा याच जागेविषयी बोलावे असे मी ठरविले. कोणास रुचले नाही तर क्षमा असावी.

पंपावर आपल्याला नळी आणि मीटर तेवढे दिसते. खरा साठा जमिनीखालच्या टाकीत असतो. जुन्या टाक्या साध्या लोखंडाच्या. ओल्या मातीत त्या गंजतात, नळांचे सांधे सैल होतात. सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाला सुमारे चार लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटर होतात. पंपावरचा माणूस टाकीत काठी बुडवून रोज साठा मोजतो. पण हजारो लिटरांच्या उलाढालीत चार लिटरांची तूट उडून गेली म्हणून खपून जाते.

विद्यार्थी मित्रांनो, एक हिशेब करा. आज आपल्या देशात पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त १ टक्का चालते. म्हणजे एका लिटरमध्ये १० मिलिलिटर, वजनाने सुमारे ८.८ ग्रॅम. बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. या मापाने एका लिटर पेट्रोलातले बेंझिन १७ लाख ६० हजार लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊ शकते. दहा हजार लिटरचे १७६ टँकर! सगळे बेंझिन पाण्यात उतरत नाही, बरेचसे उडते, काही जिवाणू खातात. तरी आकडा ध्यानात ठेवावा.

अमेरिकेला हे उशिराच उमगले. तेथे १९८४ साली भूमिगत टाक्यांसाठी कायदा झाला, १९८८ साली नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारण्यास १९९८ च्या डिसेंबरपर्यंत मुदत मिळाली. तेव्हापासून तेथे ५ लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या. त्यांतली एक सांगतो. कॅलिफोर्नियात सांता मोनिका नावाचे समुद्रकाठचे शहर आहे. १९९५ साली त्याच्या चार्नॉक येथील विहिरींत एमटीबीई हे रसायन आढळले. हवा स्वच्छ राहावी म्हणून ते पेट्रोलात मिसळीत असत. बेंझिन मातीला थोडेफार चिकटते, जिवाणू त्याला खातात. एमटीबीई पाण्यात सहज विरघळते आणि पाण्याबरोबर दूरवर जाते. १९९६ साली विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचे सुमारे निम्मे पाणी गेले, ते विकत घ्यावे लागले. शुद्धीकरण उभारून चार्नॉकचे पाणी पुन्हा घरी येण्यास जवळजवळ पंधरा वर्षे लागली. हवेसाठी घातलेल्या औषधाने पाणी नासले! २००३ च्या अखेरीस कॅलिफोर्नियाने ते पेट्रोलातून काढून टाकले.

आता तपास कसा करतात ते पाहू. प्रथम जुने कागद: टाक्या किती, कोठे पुरल्या, केव्हा रिकाम्या केल्या. मग टाकीभोवती भोके पाडून निरनिराळ्या खोलीची माती काढतात, तिच्यातील वाफ यंत्राने मोजतात, नमुने प्रयोगशाळेत पाठवितात. त्यानंतर निरीक्षणाच्या लहान विहिरी. त्या निदान तीन हव्यात, आणि एका रेषेत नकोत. तिन्हींतील पाण्याची पातळी एकाच उंचीवरून मोजली की पाणी कोणत्या दिशेला वाहते हे भूमितीने काढता येते; नववीच्या मुलांनाही जमेल. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने त्याचा थर पाण्यावर तरंगतो, आणि विरघळलेला भाग प्रवाहाबरोबर पुढे सरकतो.

कॅलिफोर्नियात १९९५ साली झालेल्या अभ्यासात बेंझिनचा असा पट्टा बहुधा २५० फुटांच्या आतच थांबलेला दिसला. पण हे ऐकून कोणी निर्धास्त होऊ नये. आपला खडक काळा कातळ. त्यात पाणी भेगांमधून धावते. जवळची विहीर स्वच्छ आणि लांबची नासलेली, असेही घडू शकते.

सफाईचे मार्ग थोडक्यात सांगतो. गळती थांबवून टाकी उपसणे, तरंगणारे पेट्रोल काढून घेणे, नासलेली माती खणून नेणे. जी खणता येत नाही तिच्यातून पंपाने वाफ ओढून घेतात. पाणी उपसून सक्रिय कोळशातून गाळतात, किंवा जमिनीत हवा सोडून जिवाणूंना कामाला लावतात. यात वर्षे जातात, आणि खर्च जागेच्या किमतीहून अधिक होऊ शकतो.

माझ्या आजोळी पंपाच्या उतारावर आमची विहीर होती. पाण्याला वास येतो असे नानी दोन वर्षे सांगत होती. घरातील पुरुष म्हणत, स्टोव्हमध्ये घासलेट भरताना तुझ्याच हाताला लागले असेल. एके दिवशी पोहऱ्यात इंद्रधनुष्यासारखा तवंग आला, तेव्हा सर्वांची तोंडे बंद झाली. तोवर तेच पाणी आम्ही प्यालो होतो. माताभगिनींनो, पाण्याचा वास प्रथम तुम्हालाच कळतो. तो बोलून दाखवा. असे पाणी उकळूनही पिऊ नये. वाफ स्वयंपाकघरातच पसरते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये सूचना काढली की नवा पंप शाळा, इस्पितळ व वस्तीपासून ५० मीटर दूर असावा, आणि अडचण असली तरी ३० मीटरच्या आत नसावा. ही सूचना नव्या पंपासाठी आहे. जुन्या पंपाशेजारी आपण होऊन राहावयास जाणाऱ्याला ती अडवीत नाही.

म्हणून कार्यकारी मंडळास माझी विनंती आहे. विसार देण्यापूर्वी मालकाकडून टाक्यांचे कागद मागावेत. टाक्या अजून जमिनीत आहेत काय, हे लेखी घ्यावे. पंपाच्या बाजूने तीन ठिकाणी माती व पाणी तपासून घ्यावे, आणि अहवाल हाती येईपर्यंत बोअर मारू नये. मालक घाई करू लागला तर ती घाई कशासाठी, हेही विचारावे. तपासणीच्या वर्गणीत माझे नाव प्रथम लिहावे. चिटणीससाहेब, वही आणली आहे ना?