परसांतला पाला कसा टिकवावा



सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या आमच्या तळोद्यास दोन टोकांचे ऋतु भोगावे लागतात. श्रावणांत परसांतला पुदिना कुंपणाबाहेर धांवतो, मार्गशीर्षांत कोथिंबिरीचे वाफे दाटतात. आणि वैशाख उजाडला कीं तोंडीं लावण्यापुरतेंही हिरवें पान परसांत मिळत नाहीं. सुबत्तेच्या दिवसांतलें थोडें टंचाईच्या दिवसांसाठीं कसें राखावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

पान खुडल्यानंतरही कांहीं काळ जिवंत असतें. तें श्वसन करितें, स्वतःचा सांठा संपवितें आणि मग कुजूं लागतें. ताज्या कोथिंबिरीच्या वजनांत सुमारें नऊ-दशांश भाग पाणीच असतें, आणि तेंच बुरशीला व जंतूंना पोसतें. म्हणून टिकविण्याचे मुख्य मार्ग दोन : पाणी काढून घ्यावें, किंवा थंडीनें हा सारा व्यवहार मंद करावा.

पहिला मार्ग आमच्या भागास परका नाहीं. धडगांवकडील आदिवासी भगिनी उन्हाळ्यांत कैऱ्या सोलून, त्यांच्या फोडी उन्हांत वाळवून आमचूर करितात. परंतु कैरीला मानवणारें ऊन पानाला मानवत नाहीं. पुदिन्याचा सुवास पानावरील सूक्ष्म तैलग्रंथींत असतो. प्रखर उन्हांत तो उडून जातो आणि हिरवा रंगही विटतो. यास्तव पुदिना, मेथी व कढीलिंब सावलींतच वाळवावे. सकाळीं दंव ओसरल्यावर पानें खुडावीं. धुतलीं तर फडक्यावर पूर्ण कोरडीं करावीं आणि वाऱ्याच्या जागीं विरळ पसरावीं. पान बोटांत चुरूं लागलें, देंठ कडकन् मोडला, म्हणजे बरणींत भरावें. दुसऱ्या दिवशीं बरणीच्या आंत बाष्प दिसलें तर पानें पुन्हां पसरावीं. पानें अखंड ठेवावीं, चुरा आयत्या वेळीं करावा. तीन चमचे ताज्या पानांच्या जागीं एक चमचा सुका चुरा पुरतो.

कोथिंबिरीचा स्वभाव निराळा. वाळविली कीं तिचा सुवास बहुतेक नाहींसा होतो. पेल्यांत दोन बोटें पाणी घेऊन जुडी मुळांसह उभी करावी, वरून सैल पिशवी घालून शीतकपाटांत ठेवावी व एक दिवसाआड पाणी बदलावें. आठवडाभर ती टवटवीत राहते. अधिक काळ हवी असल्यास बारीक चिरून बर्फाच्या सांच्यांत थोड्या पाण्यासह गोठवावी. आमटींत एक वडी टाकली कीं काम झालें. तुळस मात्र शीतकपाटांत ठेवूं नये. गारठ्यानें तिचीं पानें काळवंडतात.

आतां माझी स्वतःची चूक सांगतों; खरें पाहतां तीच सांगण्यासाठीं मी आपल्यापुढें आलों आहें. दिवाळीनंतर मुलगी पुण्यास परत निघाली होती. तिच्यासाठीं मीं ताजी कोथिंबीर, पुदिना व लसूण वाटून तेलांत बुडविलें आणि बरणी आठ दिवस फळीवर ठेविली. वर तेल आहे, हवा शिरत नाहीं, मग भय कसलें, असा माझा हिशेब! घरीं आलेल्या एका परिचित डॉक्टरांनीं बरणी पाहून विचारलें, "गुरुजी, ह्यांत आंबट काय घातलें?" मीं म्हटलें, "कांहींच नाहीं." त्यांनीं ती तत्काळ टाकून द्यावयास लाविली. मुलीच्या घरीं लहान मूल आहे, हें आठवून माझ्या अंगावर कांटा आला.

कारण असें कीं, मातींत असणारे 'क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम' नांवाचे जंतु हवा नसेल तेथेंच वाढतात, आणि त्यांचें विष शरीराचे स्नायु लुळे पाडतें. चवीला, वासाला वा डोळ्यांना तें कळत नाहीं. १९८५ सालीं कॅनडांतील व्हँकूव्हर येथें, शीतकपाटाबाहेर ठेविलेल्या तेलांतील चिरलेल्या लसणामुळें ३६ जणांना ह्या विषाची बाधा झाली. आपलें लिंबाचें वा कैरीचें लोणचें टिकतें, तें केवळ तेलामुळें नव्हे, तर आंबटपणा व मीठ यांमुळें. म्हणून ताजा पाला वा लसूण तेलांत घातल्यास बरणी शीतकपाटांत ठेवावी व चार दिवसांत संपवावी.

मुलीबरोबर मीं मग सुक्या पुदिन्याची बरणी धाडली. लहानपणीं आजी आम्हांला ओल्या हातानें लोणच्याच्या बरणीस शिवूं देत नसे. नुसतें बरणीचें तोंड बंद करून भागत नाहीं, आंत काय जातें तें पाहावें लागतें, हा तिचा धडा साठी उलटलेल्या ह्या मास्तराला नव्यानें गिरवावा लागला.