मोडलेले मनगट आणि मुद्रित आधार



रोवणीचे दिवस आले की मनगट मोडलेले रुग्ण आपल्या दारी येऊ लागतात. बांधीच्या निसरड्या धुऱ्यावरून पाय घसरतो, माणूस तळहात टेकवतो आणि सारा भार मनगटावर येतो. उतारवयातील स्त्रियांची हाडे ठिसूळ झालेली असतात, त्यामुळे त्यांना हा धोका अधिक. आयर्लंडच्या अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या शोधापूर्वी ८१ वर्षे, या अस्थिभंगाचे वर्णन केले होते.

त्यावर आपण आजही प्लास्टरच बांधतो. डच लष्करी शल्यविशारद मॅथाइसेन यांची ही १८५१ची देणगी स्वस्त आहे आणि हाताच्या आकाराप्रमाणे हवी तशी दाबून बसवता येते. परंतु पावसाने ती भिजते, आत खाज सुटते, आणि मग रुग्ण काडी घालून कातडी सोलून घेतो!

२०१३ मध्ये न्यूझीलंडच्या जेक एव्हिल या तरुण अभिकल्पकाने जाळीदार मुद्रित आधाराची कल्पना मांडली. हाताचे त्रिमितीय मोजमाप घ्यावयाचे आणि संगणकावरील आकृतीवरून थ्रीडी प्रिंटरने प्लास्टिकचे थरावर थर चढवून दोन अर्धुके तयार करावयाची. ती हाताभोवती जोडली की झाले. हात धुता येतो, हवा लागते, त्वचा डोळ्यांना दिसते.

तथापि मुद्रणास कित्येक तास लागतात. सूज असताना घेतलेले माप सूज उतरल्यावर सैल होते. म्हणून पहिले काही दिवस प्लास्टरची पट्टीच हवी. सरकलेले हाड हा आधार जागेवर आणीत नाही. ते काम डॉक्टरांच्या हातांचे, क्वचित शस्त्रक्रियेचे. शिवाय काही प्लास्टिके साठ अंशांच्या आसपास मऊ पडतात, आणि आपल्याकडील मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या वस्तूचे काय होते हे आपण जाणताच.

आप्तेष्टांस एक विनंती. बांधणी कोणतीही असो, बोटे बधिर किंवा निळी पडली, वेदना वाढत गेल्या, तर सकाळची वाट पाहू नये. बांबूच्या कामट्या घट्ट आवळल्याने रक्तपुरवठा थांबून हात गमावण्याची वेळ येऊ शकते.

यंत्र घेण्याची घाई करू नये, असे आमचे मत आहे. बसविलेले हाड पहिल्या दोन आठवड्यांत पुन्हा सरकू शकते. त्यासाठी फेरतपासणीचा एक्स-रे आवश्यक असतो. देवरी, सालेकसा येथून येणाऱ्या मजुराला मात्र एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे जड जाते. म्हणून यंदा आम्ही त्या दुसऱ्या फेरीच्या खर्चाची तरतूद मागत आहोत. रुग्ण परत आला, तरच जाळीदार आधाराचे माप घेता येईल.