मृगातला तेजोमेघ



जानेवारी-फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं असतं. चार पायांच्या चौकटीत रुतलेला व्याधाचा बाण, म्हणजे ओळीतले तीन तारे, अंबडच्या आकाशातही चटकन सापडतात. औद्योगिक वसाहतीच्या उजेडात इथले अंधुक तारे बुडून जातात. बाणाखाली मात्र एक छोटी उभी ओळ तग धरून असते. तिच्या मधल्या ठिपक्यावर दुर्बीण रोखली, की सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूरचा वायूचा आणि धुळीचा ढग समोर येतो. हाच मृगातला तेजोमेघ.

चार इंची दुर्बीणही त्याला पुरते. गच्चीवरचा दिवा मालवा, मोबाइल खिशात ठेवा आणि वीसेक मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. आधी कमी शक्तीची नेत्रिका लावा. मधोमध एकमेकांना खेटून चार तारे दिसतील. मुख्यतः त्यांच्यातल्या सर्वांत प्रखर ताऱ्याच्या अतिनील किरणांनी हा वायू उजळतो. शेजारी एक काळी खाच आहे, ती धुळीची. दोन्ही अंगांना पसरलेले फिकट पंख रोखून पाहिलं की विरतात. नजर जराशी बाजूला नेली की पुन्हा लांबवर पसरतात.

‘फोटोत तर हा लाल-गुलाबी असतो, इथे राखाडी-हिरवट कसा?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याच्या उत्तरात पुण्याचाही वाटा आहे. १८९१ मध्ये तिथल्या सायन्स कॉलेजातले प्रा. कावसजी नायगामवाला यांनी याच तेजोमेघाचा वर्णपट तपासला. त्यातली मुख्य हिरवी रेघ पसरट आहे की रेखीव, यावर तेव्हा इंग्लंडात वाद चालला होता. ती रेखीवच आहे, असं त्यांना आढळलं. पण ती रेघ कशाची, हे कुणालाच उमगत नव्हतं. ‘नेब्युलियम’ नावाचं नवं मूलद्रव्यही कल्पून झालं. अखेर १९२७ मध्ये अमेरिकेतल्या आयरा बोवेन यांनी उलगडा केला. ती रेघ दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची निघाली. अंधाराला सरावलेला डोळा नेमका याच रंगाच्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो. हायड्रोजनचा मंद लाल रंग त्याला दिसत नाही, तो कॅमेरा टिपतो.

तेजोमेघांसाठी मिळणारा फिल्टर हाच हिरवा प्रकाश आत सोडतो आणि सोडियमच्या दिव्यांचा पिवळा अडवतो. पांढऱ्या एलईडीपुढे त्याची मात्रा तितकीशी चालत नाही. म्हणून निदान चंद्राचा उजेड टाळायला अमावास्येच्या जवळची रात्र निवडा आणि कागद-पेन्सिल सोबत ठेवा. जेवढं दिसेल तेवढंच काढा. रेघ ओढण्यासाठी पुन्हा पुन्हा नेत्रिकेला डोळा लावावा लागतो आणि दर वेळी आधी निसटलेलं काहीतरी हाती लागतं.