कैद्याचा घाम आणि लोकांचा रस्ता

(पौड, तालुका मुळशी, येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



एखादा रस्ता किंवा कालवा रखडला की चावडीवर कोणी ना कोणी हटकून म्हणतो, "तुरुंगात एवढे लोक बसून फुकट खातात, त्यांना लावा की खडी फोडायला!" मंडळी माना डोलावतात. मलाही पूर्वी हे बोलणे सरळ वाटे. पण मुळशीच्या माणसाने तरी ते बोलण्यापूर्वी थोडे थांबावे.

ता. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीस, टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध येथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे हे पुढारी. पण बांधावर जाऊन बसले ते मावळे आणि त्यांच्या बायका. ज्यांची भातखाचरे कंपनीच्या पाण्याखाली जायची होती, त्यांनाच शिक्षा झाल्या. येरवड्यात मुळशी पेट्यातील काही कैद्यांना, मुद्दाम काम कमी केले असा आरोप ठेवून, फटके मारण्यात आले. गांधीजी त्या वेळी त्याच तुरुंगात होते व त्यांनी पुढे ही हकीकत लिहिली. काम मानहानीचे नसेल तर सत्याग्रह्याने ते मनापासून करावे, असे त्यांचे म्हणणे. मत थोर आहे खरे. पण फटका कोणाच्या पाठीवर उमटला हे आपण विसरू नये. जमीन घेतली, ती वाचवू पाहणाऱ्याला कोंडले, आणि काम भरले नाही म्हणून वर पाठ सोलली! तेव्हा तुरुंगात असतो तो चोरच, हा हिशेब निदान या खोऱ्यात तरी चालायचा नाही.

कैद्यांकडून लोकांची कामे करून घेणे ही गोष्ट नवी नाही. महाबळेश्वरला 1834 च्या सुमारास सिंगापूर, मलाक्का या बाजूचे चिनी व मलायी कैदी आणून ठेवले होते. तेथील रस्त्यांवर ते राबले, साहेब लोकांसाठी बटाटे व भाजीपाला त्यांनी पिकवला. 1864 मध्ये तो तुरुंग मोडला. रस्त्यावरून बग्ग्या धावल्या. रस्ता करणाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक?

आता आपल्या पोटाचा प्रश्न पाहा. खडी फोडणे हा वडाराचा धंदा, दगड घडवणे हा पाथरवटाचा. सरकारला कैदी जवळजवळ फुकट मिळू लागला, तर ठेकेदार वडाराला पुरता दाम कशाला देईल? म्हणजे कैद्याचा घाम स्वस्त झाला की त्याच्याबरोबर बाहेरच्या कष्टकऱ्याचाही घाम स्वस्त होतो. कैदी आणि मजूर ही दोन वैऱ्यांची घरे नव्हेत.

आणि तुरुंगाच्या भिंतीआड जात सुटते म्हणता? छे! स्वयंपाकाला वरच्या जातीचा, संडास झाडायला खालच्या जातीचा, अशी वाटणी कित्येक राज्यांच्या तुरुंगाच्या नियमपुस्तकांतच छापलेली होती. एका महिला पत्रकाराने दाद मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ता. 3 ऑक्टोबर 2024 रोजी हे नियम घटनाबाह्य ठरविले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढायला सांगितले. राज्यघटना 1950 साली लागू झाली. तिचा उजेड या कोठडीत शिरायला चौऱ्याहत्तर वर्षे लागली. पारधी, कैकाडी अशा जमातींना तर 1871 पासून चालत आलेल्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. सोलापूरच्या सेटलमेंटमधले लोक गिरणीत राबत व हजेरीला परत कुंपणात येत. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, लोकांच्या मनातून अजून गेलेला नाही.

मग कैद्याने काम करूच नये काय? असे मी म्हणत नाही. रिकामा हात माणसाला कुजवतो. आपल्याकडेच आटपाडीजवळ औंध संस्थानाने 1939 मध्ये स्वतंत्रपूर वसविले. तेथे भिंत नाही. कैदी बायकामुलांसह राहून शेती करीत. उत्तर प्रदेशात संपूर्णानंदांनी 1952 मध्ये चंद्रप्रभा नदीच्या धरणावर कैद्यांची छावणी उघडली आणि त्यांना बाहेरच्या मजुराइतकीच मजुरी दिली. धरण तेच, कैदीही तेच, फरक एवढाच की संध्याकाळी हाती दाम पडे.

घटनेच्या 23 व्या कलमाने वेठबिगार बंद केली. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनाहून कमी देऊन काम घेणे हीसुद्धा वेठच. तुरुंगातल्या मजुरीचा प्रश्न 1998 मध्ये आला. तेव्हा न्यायालयाने सक्तमजुरी कायम ठेवली, पण कैद्याला न्याय्य वेतन द्यावे, ते ठरविताना त्याच्या अन्नवस्त्राचा खर्च धरावा, आणि त्यातला काही भाग ज्याचा गुन्हा झाला त्याच्यासाठी काढून ठेवावा, असे सांगितले. म्हणजे फुकट खाण्याचा मुद्दाही तेथेच निकालात निघाला. तो आपल्या जेवणाचे पैसे घामाने भरतो.

आता 1 जुलै 2024 पासून नव्या फौजदारी कायद्यात 'सामुदायिक सेवा' ही शिक्षा आली आहे. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला असेल, तर तुरुंगाऐवजी लोकांचे काम. मोबदला नाही. कोठडीपेक्षा हे बरे, असे माझे मत. पण कोणाच्या हाती झाडू येतो आणि कोणाच्या हाती ग्रंथालयाची वही, यावर मात्र डोळा ठेवावा लागेल.

तेव्हा ग्रामसभेत पुन्हा कोणी "लावा कैदी खडीला" म्हणाला, तर त्याला विचारा: त्यांची हजेरी कोणाच्या वहीत, मजुरी किती, आणि गावच्या वडाराला त्या दिवशी काम कोठे?